मोठ्या मायची सुई आणि माझी टाच

आमच्या गावात काटा रुतला की कोणी दवाखान्यात जात नाही, मोठ्या मायकडे जातात. मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या दाराच्या चौकटीत एक सुई खोचलेली असते. त्याच सुईने तिने अर्ध्या गावाचे बाभळीचे, बोरीचे काटे काढलेत. एकाचा पाय झाला की सुई लुगड्याला पुसायची आणि दुसऱ्याचा घ्यायचा.

त्या वर्षी मी वनरक्षकाच्या भरतीला बसलो होतो. वयाची अट पाहता ही शेवटचीच. आधी दरवेळी लेखी परीक्षेत आपटलो. या वेळी पास झालो, तर घरच्यांना वाटलं, पेपर दुसऱ्या कोणाचा तपासला असेल. आता फक्त धावायचं उरलं होतं, आणि आयुष्यात मला तेवढंच येत होतं. बूट झिजू नयेत म्हणून राजुऱ्याकडच्या जंगलरस्त्यावर मी अनवाणी सराव करायचो. बुटांना जपायचं आणि पायांना नाही, असं माझं डोकं.

एक दिवस टाचेत टोचायला लागलं. पाहिलं तर जाड झालेल्या चामडीत काळे ठिपके. आमच्याकडे तळव्यावर काळा ठिपका म्हणजे मोडलेल्या काट्याचं टोक. त्यावर कोणी वाद घालत नाही.

"खोल गेला हाय बापू, टोक दिसून राह्यलं न," मोठी माय म्हणाली आणि कोरायला बसली.

रक्त भरपूर निघालं, काटा काही निघाला नाही. मग तिने बिब्बा तापवून त्याचं तेल लावलं. त्याने म्हणे काटा पिकून वर येतो. काही आठवड्यांनी शेजारी आणखी दोन ठिपके उगवले. काट्याचे आत तुकडे झाले, असा शोध मी लावला आणि पुन्हा तिच्याच पुढ्यात पाय धरला.

भरती महिन्यावर आली तेव्हा लंगडत चंद्रपूरला चामडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काटा आहे, तेवढा काढून द्या, असं मीच त्यांना सांगून टाकलं. त्यांनी वरून दाबलं, तेव्हा फारसं दुखलं नाही. मग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबलं, आणि मी स्टुलावरून अर्धा उठलो. त्यांनी भिंगातून मलाही दाखवलं. तळव्याच्या रेषा त्या गाठीपाशी येऊन तुटत होत्या. काळे ठिपके म्हणजे बारीक नसांत गोठलेलं रक्त.

"काटा नाही, चामखीळ आहे. कोरली की पसरते."

चामखीळ मानेवर नाहीतर नाकावर, तीही सासुरवाडीच्या लोकांना होते, अशी माझी समजूत. बाईंनी औषध दिलं. कोमट पाण्यात पाय भिजवायचा, मेलेली चामडी हलक्या हाताने घासायची, फक्त गाठीवर थेंब लावायचा, वर पट्टी. भरतीआधी जाईल का, विचारलं. त्या म्हणाल्या, महिने लागतात, धीर धरा. कधीकधी आपोआपही जाते.

महिने माझ्याकडे होते कुठे? थेंबाच्या जागी मी औषध ओतू लागलो, तेही सकाळ-दुपार-संध्याकाळ. वरून मोठी माय रुसू नये म्हणून बिब्बाही चालू ठेवला. दोघींचा मान राखला, टाचेचा राहिला नाही. चांगली चामडी भाजून फोड आले आणि भरतीच्या तोंडावर फुटले.

मैदानावर सुरुवातीला मी सगळ्यांच्या पुढे होतो, हे अजून चहाच्या टपरीवर सांगतो. पुढचं सांगत नाही. पट्टी सुटली, मग चामडी, आणि मागून येणारी पोरं मला वळसा घालून जाऊ लागली. शिट्टी वाजली तेव्हा मी कडेला बसलेला होतो. साहेबांनी काय झालं विचारलं. चामखीळ सांगायची लाज वाटली.

"पायात काटा गेला, साहेब," मी म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यात चामखिळी आपोआप गेल्या. ना औषध, ना बिब्बा. तळवा लहान पोरासारखा साफ, रेषा सलग. मोठ्या मायने माझा पाय मांडीवर घेतला, टाचेवरून अंगठा फिरवला आणि सुई परत चौकटीत खोचली.

"निघाला न काटा. आता धाव, बापू."

वयाची अट काय असते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. ओट्यावर शेजारचा एकजण चप्पल काढून, पाय पुढे करून बसला होता. त्याला जागा करून दिली.