घरामागचा उतार

नाते गावातल्या नव्या घराभोवती बाग आखायला पुण्याहून डिझायनर येणार होता. त्याआधी रान साफ करायला मी एक माणूस लावला. पन्नाशीचा, पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतला. काम करता करता कोयता ठेवून तो मागच्या उताराची माती हाताने चाचपायचा.

"हा उतार कापून हिरवळ करायची आहे," मी म्हणालो.

"कापू नका, दादा," तो मातीकडे बघतच म्हणाला. "अंगण मोठं करायला मीच आमच्या घरामागं कापला होता. पावसात दरड आली. मी बाजाराला गेलेलो, म्हणून हाय. बायको नाय, पोरी नाय."

त्याने पुन्हा कोयता उचलला.

उताराला हात लावू नका, असं मी डिझायनरला सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी त्याला त्या माणसाच्या घराबद्दल सांगितलं.