तीन कलमांचा मोहर

ती घटना आठवली नाही असा एकही दिवस गेल्या सहा महिन्यांत गेलेला नाही. सहा महिन्यांपूर्वी माझी बायको वारली. माणूस गेल्यावर कामाचं काय काय आठवतं. मी सातवी पास. शिपाई म्हणून खात्यात लागलो, जमादार म्हणून बाहेर पडलो. लिहायची सवय आहे ती पंचनाम्याची, तेव्हा घडलं तसं लिहितो. नाव कुणाचंच घालत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा हवालदार होतो, कसालच्या बाजूला एका दूरक्षेत्राचा इनचार्ज. दूरक्षेत्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, स्टेशन डायरी आणि तीन शिपाई. मागच्या पडवीला माझं बिऱ्हाड. मोहराचे दिवस होते. एका सकाळी गावातले एक बागवाले धोतराचा सोगा हातात धरून तरातरा आले आणि बाकावर बसायच्या आधीच ओरडले, "हवालदारांनू, माझ्या बागेत इख घातल्यानी!"

फिर्याद अशी. त्यांची आंब्याची सोळा कलमं. तुडतुडे पडले म्हणून तीन दिवसांपूर्वी पंपवाल्याकडून औषध मारून घेतलं. आता मोहर करपून काळा पडला. संशय चुलतभावावर. दोघांची घरं गडग्याला गडगा लागून, आणि त्या दगडी कुंपणावरूनच भांडण. नऊ-दहा वर्षं बोलणं बंद. चुलतभावाने पंपवाल्याला फितवून औषधात विष घालायला लावलं, असं त्यांचं म्हणणं.

मी जागेवर गेलो, पंच घेतले, पंचनामा केला. सोळापैकी तेरा कलमांचा मोहर जळालेला, टोकं जास्त जळालेली. बेड्याजवळची, म्हणजे बागेच्या फाटकाजवळची, पहिली तीन कलमं मात्र ठणठणीत. ते मी लिहिलं, पण त्याचा अर्थ काही मला लागला नाही. लिहिणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे खात्यात मी पुष्कळ पाहिलं.

परतताना नाक्यावर चहाला थांबलो. चहावाल्याचं दुकान बरोबर त्या चुलतभावाच्या बेड्यासमोर. कप पुढे सरकवत तो हळूच म्हणाला, "माझा नाव घेव नको हां. फवारणीच्या दिवशी दहाच्या सुमाराक तो पंपवालो हय आत गेललो. भायर इलो तेव्हा तेच्या मुठीत कायतरी होता. फडक्यात गुंडाळलेला."

झालं. मला वाटलं, केस फुटली.

पंपवाल्याला आणला. पन्नाशीचा माणूस, हडकुळा, बोटांच्या चिरा मोरचुदाने निळ्या पडलेल्या. सगळ्या पंचक्रोशीत पायपंप घेऊन हाच फिरायचा. पावसाआधी सुपारीला मोरचूद-चुना, मोहराला तुडतुड्याचं औषध. दुसरा धंदा नाही. एकदा का इख घालणारा म्हणून नाव झालं असतं, तर कुणी त्याला बेड्याच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं.

"त्यांच्या चुलतभावाकडे गेला होतास?"

"नाय."

"मुठीत काय होतं?"

"कायएक नाय, सायबांनू."

"तुला बघितलंय माणसांनी."

"तेंका दिसला आसात. मी गेलंय नाय."

खोटं बोलतोय हे कळत होतं. घाम कपाळावर नव्हता, मानेवर होता. मी एक ठेवून दिली. लपवत नाही. त्या काळी आम्हाला तेवढंच येत होतं. तो म्हणाला, "मारा. पण औषधात मी काय घालूक नाय. पोटच्या पोरांची शपत."

चुलतभावाला बोलावलं, तर तोही म्हणाला, "माझ्याकडे कोण इलोच नाय." दोघंही खोटं बोलतात म्हणजे दोघंही गुन्हेगार, असा सरळ हिशेब मी केला. संध्याकाळी फौजदारसाहेबांचा निरोप आला की पंपवाल्याला अटक दाखवून उद्या सकाळी ठाण्यावर पाठवा. बेड्या घालून बाजारातून न्यायचं. म्हणजे कोर्टाचा निकाल काहीही लागो, गावाचा निकाल तिथेच लागणार होता.

सकाळी बायको पडवीत माझा युनिफॉर्म इस्त्री करत होती. पेजेची खळ घातलेला खाकी शर्ट, कोळशाची इस्त्री. ती तोंडात पाणी घेऊन फुर्र करून असं मारायची की शर्टावर दव पडल्यासारखं व्हायचं. मला उशीर होत होता. मी तांब्या उचलला आणि हातानेच पाणी शिंपडलं.

"ओ, ओ! असा पाणी मारतत?" ती माझ्यावर खेकसली. "बघा, ओघळ इले. खळ सगळी खाली जमली. आता हय इस्त्री लागली की करपतला."

"पाणी ते पाणी गो. तुझ्या तोंडातलं काय आणि तांब्यातलं काय."

"पाणी ताच. थेंब वेगळो." तिने इस्त्री विटेवर ठेवली. "काल तुमी काय म्हणा होतात? पयली तीन झाडां बरी आसत मा?"

"हो. मग?"

"औषध एकाच टपातला?"

"एकाच."

"मगे टपात इख आसता तर ती तीन कशी वाचली? औषध ताच आसतला. पंपाचा तोंड बदललेला आसतला."

मी हसलो. "तुला काय कळतं पोलीसखात्यातलं?"

"खात्यातला नाय कळणा. इस्त्रीतला कळता," ती म्हणाली आणि पुन्हा तोंडात पाणी घेतलं.

मी बाहेर आलो. मुद्देमालात पंप होताच. नळीच्या टोकाची पितळी नोझल पिरगाळून काढली. आत एक चकती असते, तिच्या मधोमध भोक. त्यात तांदळाची कणी सहज गेली असती. पंपवाल्यासमोर ती धरली आणि काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "ही तुझी नव्हे."

मघापर्यंत दगड झालेला माणूस ढसाढसा रडायला लागला.

त्याची स्वतःची नोझल बारीक भोकाची. मोहराला तीच लागते, औषध धुक्यासारखं उडतं. पण आधीच्या कामाचा चुना आत राहिला होता, त्यामुळे चौथ्या कलमाला ती तुंबली. काट्याने उकरली, चकती वाकली. दुसरी मिळायची ती मालवणात. आणि बागवाल्यांनी कामाला लावतानाच बजावलं होतं की त्या चुलतभावाची काडीसुद्धा माझ्या बागेत येता कामा नये. आता जवळपास पंप होता तो फक्त चुलतभावाकडे. त्याने आपली सुपारीची नोझल दिली, मोठ्या भोकाची, आणि कुणाला सांगायचं नाही असं दोघांत ठरलं. सुपारीच्या शेंड्यापर्यंत धार जावी म्हणून ती तशीच असते.

"मोहराक ती चलणा नाय, माका म्हायत होता," पंपवाला म्हणाला. "पण सांज व्हायच्या आत काम संपवूचा होता. आणि सांगतलंय कोणाक? तेच्या घरातली वस्तू बागेत आणलंय म्हटल्यार बागवाल्यान माका उभो जाळल्यान आसतो."

बेड्या खुंटीवरच राहिल्या. ठाण्याला निरोप पाठवला की तपास बाकी आहे. मालवणातून बारीक नोझल मागवली, शेतकी खात्याचा एक माणूस बोलावला आणि दुपारी सगळ्यांना बागेत उभं केलं. दोन कलमांमध्ये दोरी बांधली आणि तिच्यावर माझेच दोन खळ घातलेले शर्ट टाकले. पंपात साधं पाणी. बारीक नोझलने पहिला शर्ट नुसता ओलसर झाला. मोठीने दुसऱ्यावर टपोरे थेंब बसले, एकमेकांत मिसळले आणि ओघळून खालच्या काठाला जमले. शेतकी खात्याचा माणूस म्हणाला, "मोहरावर हेच झालं. औषध ओघळून टोकांना साचलं, वर ऊन लागलं. यात बाहेरचं विष कसलंच नाही."

बागवाल्यांनी त्या शर्टाचा ओला काठ बोटांनी चाचपला. मग नऊ-दहा वर्षांनी चुलतभावाशी पहिला शब्द बोलले. तो शब्द असा होता, "मेल्या, नोझल देवची होती तर बरी तरी देवची!"

"माझ्याकडे तीच होती. नाय म्हणालो आसतंय तर बोललो आसतस, मुद्दाम नाय म्हणालो."

पंचसुद्धा हसले. फिर्याद गैरसमजातून दिली असा जबाब बागवाल्यांनी लिहून दिला. पुढच्या मोहराला त्यांनी त्याच पंपवाल्याला बोलावलं आणि बारीक चकत्या स्वतः आणून दिल्या.

फौजदारसाहेबांनी माझी पाठ थोपटली. सर्व्हिस शीटवर चांगला शेरा पडला. बायकोचं नाव मी कुठेही घेतलं नाही. इस्त्री करणाऱ्या बाईने केस सोडवली हे सांगायची मला लाज वाटली. खरं तेच लिहितो.

पंपवाला पुढे कितीतरी वर्षं पहिल्या पाडाचे आंबे घेऊन यायचा. माझ्या पाया पडायचा. ज्या हाताने मी त्याला मारलं तोच हात कपाळाला लावायचा. ती दारात उभी असायची. मी गप्प बसायचो आणि ती म्हणायची, "बसा हां, च्या टाकतंय." एकदाही तिने ते उकरून काढलं नाही. आता तोही नाही, तीही नाही.

या केसने मला शिकवलं ते एवढंच, की माणूस खोटं बोलतो म्हणजे त्याने गुन्हा केलाच असं नाही. तो शेजाऱ्याला भितो, मालकाला भितो, म्हणूनही खोटं बोलतो. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी कुणावर हात उचलला नाही. हे शहाणपण माझं म्हणून खात्यात नावाजलं गेलं, पण ते पडवीतून आलेलं होतं. चूक होऊ दिली नाहीस गो, एका गरिबाचं वाटोळं माझ्या हातून होऊ दिलं नाहीस, हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं. म्हणून इथे लिहिलं.

आता माझे कपडे मीच इस्त्री करतो. परवा तोंडात पाणी घेऊन फुर्र करून पाहिलं. अर्धं सदऱ्यावर पडलं, अर्धं दाढीवर, आणि थेंब मोठेच पडले. ओघळ येऊन काठाला थांबला. मी इस्त्री विटेवर ठेवली आणि तो सुकेपर्यंत तिथेच बसून राहिलो.