उंबऱ्यापाशी थांबलेली रेघ

मी चौथी शिकलेला माणूस. भूत, भगत, उतारा... जन्मात कधी मानलं नाही. मिठागरात हयात गेली, रात्री-अपरात्री बांधावरनं एकटा आलोय, काय दिसलं नाही. तरी हे लिहितोय. नात हे फोनवरनं टाकणार आहे; तिला सांगितलंय, माझं मराठी सुधरायचं नाही.

घर मोरवा गावात, भाईंदर पश्चिम. मी एकटाच असतो, जेवण खानावळीतनं येतं. मागे टॉवरचं काम निघालं, हादऱ्यांनी भिंती तडकल्या. मी जाऊन भांडलो, तेव्हा बिल्डरने स्नेहल नावाची इंजिनियर पोरगी पाठवली. तिने साबणाच्या वडीएवढी डबी उंबऱ्याला चिकटवली. "काका, हा सेन्सर. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे... तिन्हीकडचा हादरा पकडतो."

पंधरा दिवसांनी लॅपटॉप घेऊन आली. "काका, रविवारी साइट बंद असते. मग दुपारी साडेबाराला तुम्ही काय कुटता?"

"मी? जन्मभर मीठ ओढलं, पण घरात मिठाचा डबा कुठं हाय ते मला ठाव न्हाय. मी काय कुटणार?"

"मग लंगडत कोण चालतं? बघा, एक ठोका वर-खाली, दुसरा आडवा, घासत. रेघा मोठ्या होत जातात, म्हणजे डबीकडे येतंय. आणि इथे उंबऱ्यापाशी थांबतं."



माझी बायको गोदा डावा पाय ओढायची. साडेबाराला माझं ताट घेऊन ओटीवर यायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. "पाय उचल, लोक बघतात" — हेच ऐकवलं तिला. लाज वाटायची, म्हणून कुठल्या लग्नाला बरोबर नेली नाही.

पुढच्या रविवारी फ्रिज, पंप बंद केले, मागच्या दाराला कुलूप घातलं, पुढचं उघडं ठेवून स्नेहलसोबत ओटीवर बसलो. साडेबारा... लॅपटॉपवर रेघ उठली. ठोका, घासणं. ठोका, घासणं. मी उंबऱ्यावर तळवा दाबून धरला — काहीच लागेना! आत कोणी नाही. रेघ जवळ येऊन थांबली.

"बस गं जरा," एवढंच म्हणायचं होतं. परक्या पोरीसमोर तोंड उघडलं नाही. म्हटलं, पुढच्या रविवारी एकटा असताना बोलेन.

शुक्रवारी कोणीतरी येऊन डबी काढून नेली. साइटचं खोदकाम संपलं होतं. स्नेहल फोनवर म्हणाली, "मशीन चेक केलं काका, बिघाड नाही. मला पण कळत नाही."

आता रोज साडेबाराला बोलतो. समोर कोणी आहे का, सांगायला आता ती डबी उरली नाही.

कुणाला उलगडा होत असेल तर लिहा. फक्त भास म्हणू नका. भास मला झालाच नाही... कळलं ते डबीला, मला काहीच जाणवलं नाही.