हातातलं गेज

गेज टेबलावरून घरंगळलं आणि टण्णकन फरशीवर पडलं. सगळ्यांनी माना वळवल्या. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"वाटलंच होतं. तुमच्याकडच्यांच्या हाताला वळण नाही. कोट्यातून डिप्लोमा मिळतो, हात मिळत नाहीत."

आवाज चढवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मात्र होता. मी वाकून गेज उचललं. कडेचा टवका उडाला होता. आता ते बाद.

बिबवेवाडीतल्या त्या वर्कशॉपमध्ये मी तपासनीस होते. अकोल्याहून आलेली. पुण्याभोवती परदेशी गाड्यांचे कारखाने उभे राहत होते, आम्ही त्यांच्यासाठी पोलादी तुकड्यांना भोकं पाडत होतो. भोकाचं माप म्हणजे एक आकडा नव्हे. यापेक्षा लहान नको, त्यापेक्षा मोठं नको. गेजचं एक टोक भोकात अलगद आरपार गेलं पाहिजे, दुसरं शिरताच कामा नये. पहिला नग मी तपासायचा, मग साहेबांनी तेच गेज स्वतः घालून बघायचं आणि सही करायची. तोवर मशीन बंद.

पहिल्या दिवशी साहेबांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला, तेही. त्यानंतर मी गेज पुढे केलं तर म्हणाले, "अहो, हातात द्यायचं नसतं. टेबलावर ठेवा. हाताच्या उबेनं पोलाद फुगतं, माप चुकतं."

खोटं नव्हतं. पोलाद फुगतंच. म्हणून तर मी इतके महिने मुकाट ठेवत राहिले. मंदार माझ्याबरोबरच लागलेला, डिप्लोमा तोच. तो गेज साहेबांच्या तळहातावर ठेवायचा. साहेब ते घेऊन त्याच्याशी क्रिकेटवर बोलत उभे राहायचे. त्याचा हात बर्फाचा असावा. दिसत होतं मला, पण मी बघत नव्हते. नोकरी पक्की होईपर्यंत तोंड उघडू नकोस, असं आईनं बजावलं होतं.

टेबलावर ठेवलं म्हणून ते घरंगळलं. नियम त्यांचा, वळण माझं वाईट. संतापानं माझे कान तापले.

स्टोअरमधून दुसरं गेज आलं. मी नग तपासला, साहेबांसमोर गेले आणि हात पुढे केला.

"टेबलावर."

"टेबलावरून पडतं, साहेब. हातात घ्या."

"ऊब लागते, बाई. किती वेळा सांगायचं?"

"मंदारच्या हातून घेता."

साहेबांनी मंदारला खुणावलं. तो खाली बघत आला. "दे इकडे," म्हणाला. मी दिलं नाही. मशीन बंद, ऑपरेटर हाताची घडी घालून उभा. माझा हात दुखायला लागला. खाली घेतला नाही. शेवटी साहेबच उठून मालकांच्या केबिनमध्ये गेले.

नोकरी पक्की झाली नाही. मालकांनी गोड बोलून काढलं. पुढे कारखाने बदलले, साहेब बदलले, टेबलं सगळीकडे भेटली. आता मोठ्या कंपनीत आहे. गेजची मापं संगणकावर उमटतात आणि इथले साहेबही मला "प्लीज, बाजूला ठेवा" असं सांगतात. थकले आहे मी. भांडायला आवाज उरला नाही.

पण मी ठेवत नाही. हातात देते. घेतलं नाही, तर ते माझ्याच हातात राहील आणि मशीन बंद राहील. मग खुशाल मालकांना बोलवा.