हितोपंत कोण?

प्रल्हाद खानझोडे दोष शोधायचा पगार घेत. अमेरिकेतल्या चँडलर गावी एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्यांचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो दिवसभर त्यांच्या पडद्यावर येत. हा ओरखडा, हा धूळकण, इथे नीट धुतलं गेलेलं नाही, अशी त्यांची वर्गवारी प्रल्हादराव करत. नागपूर सोडून आल्यापासून सव्वीस वर्षं हेच काम. आता हे काम संध्याकाळी सहाला थांबायला हवं की नाही? पण ते घरी येत, भांडी धुण्याच्या मशीनचं दार उघडत, शैलाबाईंनी लावलेल्या ताटल्या बाहेर काढत आणि पुन्हा लावत. लावता लावता त्यामागचं शास्त्रही समजावून सांगत. शैलाबाईंनी हे शास्त्र सव्वीस वर्षं ऐकलं होतं आणि मशीन अजूनही त्या आपल्याच पद्धतीने लावत.

अशा माणसाच्या हाती गेल्या वर्षी एक पुस्तक पडलं. वाचनालयाने जुनी पुस्तकं विकायला मांडली होती, त्यात हे होतं. तीनेकशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच लेखकांनी काढलेली माणसांची छोटी छोटी तिरकस शब्दचित्रं, इंग्रजीत आणलेली. कुणी दरबारात पुढे पुढे करणारा, कुणी आजारपण मिरवणारी. खरं नाव कुणाचंच नाही, सगळी बनावट नावं. आणि गंमत म्हणजे त्या काळी पॅरिसात अमुक चित्र नक्की कुणाचं याच्या याद्या हातोहात फिरत असत. प्रल्हादरावांनी उभ्या उभ्या वीस पानं वाचली आणि बायकोला फोन लावला.

"शैला, हे तर आपलं मंडळ आहे!"

आपलं मंडळ म्हणजे तिथलं मराठी मंडळ. त्याची दर महिन्याला एक ई-पत्रिका निघते आणि ती भरायला शुभा नावाची संपादिका दर महिन्याला लोकांच्या हातापाया पडते. तिला प्रल्हादरावांनी पहिलं चित्र दिलं ते 'पथ्यावती'चं. ही बाई प्रत्येक पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, दारातच आपलं डाएट जाहीर करते आणि मग नुसती चव बघायला तीनदा उठते. दुसरं 'भूतपूर्वराव'. ते माजी अध्यक्ष, प्रत्येक सभेत "मी खरं तर बोलणार नव्हतो" म्हणून उभे राहतात आणि चहा गार झाल्यावर बसतात. पत्रिका कधी नव्हे ती वाचली गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या फिरू लागल्या. पथ्यावती कोण यावर चार बायकांनी एकमेकींची नावं खात्रीने सांगितली. स्वतःचं नाव एकीनेही घेतलं नाही. आरशासमोर उभं राहताना माणूस आधी पोट आत घेतो, तसंच हे.

तिसरं चित्र 'हितोपंतां'चं. आधीची दोन लिहायला आठ आठ दिवस लागले होते, हे एका बैठकीत उतरलं.

"हितोपंत तुमच्या घरी आले की आधी थर्मोस्टॅटकडे बघतात, मग तुमच्याकडे," अशी त्याची सुरुवात होती. "दुसऱ्याच्या चुलीवरची भाजी ते न विचारता ढवळतात. तुम्ही ग्रँड कॅन्यन पाहून आलात म्हणालात, तर चुकीच्या बाजूने पाहिलंत हे त्यांच्याकडून कळतं. तुमचं दुःख सांगायला गेलात तर ते अर्ध्यात थांबवून उपाय सांगतात, आणि उपाय बरोबर असतो म्हणून तुमचं दुःख दुप्पट होतं."

हे चित्र संग्राम काटकरचं, याबद्दल प्रल्हादरावांच्या मनात काडीची शंका नव्हती. संग्राम त्यांचा सव्वीस वर्षांचा मित्र. तो बारामतीकडचा, जाड मिशीचा, मंडळाच्या नाटकांतला हमखास नट. भर उन्हाळ्यात लिंबाचं झाड छाटू नकोस, सालीला ऊन लागेल, असा सल्ला त्याने एकदा प्रल्हादरावांना दिला होता. प्रल्हादरावांनी जूनमध्येच छाटलं आणि झाड होरपळलं. न विचारता सल्ला देतो म्हणजे काय? तो राग मनात होताच. बाकीचे बारकावे, थर्मोस्टॅट, भाजी वगैरे, नेमके कुठे पाहिले ते त्यांना आठवेना. पण पाहिले होते हे नक्की.

चित्र छापून आलं आणि घरात एक नवल घडलं. शैलाबाईंनी पत्रिका वाचली आणि चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांबारवडी केली. नागपूरकरांच्या घरात ही वडी उगाच होत नाही; तेवढी कोथिंबीर निवडायला मनातून प्रेम यावं लागतं.

रविवारी देवांगचा फोन आला. आईला नव्हे, थेट बापाला.

देवांग त्यांचा एकुलता मुलगा, जन्मापासून अमेरिकन, बेलव्ह्यूला नोकरीला. दोन वर्षांपूर्वी प्रल्हादराव त्याच्याकडे राहायला गेले होते आणि तो ऑफिसात असताना त्यांनी त्याच्या घरातलं सगळं फर्निचर हलवून योग्य जागी ठेवलं होतं. देवांग घरी आला, दारात उभा राहिला आणि त्यानंतर चँडलरला आलाच नाही. फोन आईला करायचा, बाबांना नमस्कार सांगायचा. प्रल्हादराव हे कुणाजवळ बोलत नसत, पण फोन वाजला की टीव्हीचा आवाज मात्र कमी करत.

"बाबा, आईने मला तुझं आर्टिकल वाचून दाखवलं," देवांग म्हणाला. "इट वॉज रिअली ब्रेव्ह."

"त्यात काय," प्रल्हादराव म्हणाले. मित्रावर लिहायला हिंमत लागतेच, असं त्यांना वाटलं. "स्पष्ट लिहायचं म्हटलं की लिहावं लागतं."

"मी दिवाळीला येतोय. तिकीट बुक केलं."

प्रल्हादरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

आनंदावर विरजण घातलं ते संग्रामने. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात त्याला हितोपंत एकपात्री म्हणून करायचा होता.

"हेच कशाला?" प्रल्हादरावांनी घाईघाईने विचारलं. "पथ्यावती कर ना. लोकांना आवडेल."

"नाही यार, हेच. तुला वाईट नाही ना वाटणार?"

"मला कशाला वाईट वाटेल?"

"ग्रेट आहेस तू," संग्राम म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आता आली पंचाईत. तीनशे लोकांसमोर हा भला माणूस स्वतःचंच हसं करून घेणार, सगळ्यांना कळणार आणि एकट्या त्यालाच कळणार नाही. पुढे कुणीतरी त्याला सांगेल, मग तो आपलं तोंड बघणार नाही. सव्वीस वर्षांची मैत्री आणि ती आपण पत्रिकेच्या दीड पानासाठी घालवली! प्रल्हादरावांना रात्र रात्र झोप लागेना. शेवटी एका शनिवारी, सगळं सांगून टाकायचंच असं ठरवून ते संग्रामच्या घरी गेले. आत शिरताच त्यांना उकडलं म्हणून त्यांनी थर्मोस्टॅट दोन अंशांनी खाली केला. मग एसीची जाळी किती दिवसांत बदलतोस ते विचारलं. संग्रामने तालमीचा विषय काढला, तेव्हा माईक तोंडापासून किती लांब धरायचा हे त्यांनी करून दाखवलं. संग्राम त्यांच्याकडे टक लावून बघत होता, एकदा तर त्याने वहीत काही टिपूनही घेतलं. एवढं लक्ष देऊन ऐकणाऱ्याचं मन मोडणं प्रल्हादरावांच्या जिवावर आलं. न सांगताच ते परत आले.

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता, दुपारी. दुसऱ्या रांगेत शैलाबाई, देवांग आणि मध्ये प्रल्हादराव. पडदा सरकला. संग्राम आला आणि सभागृहात एक 'अय्या' उमटलं, कारण त्याने मिशी काढली होती. चष्मा कपाळावर चढवलेला, पँट जरा जास्तच वर, डावा हात पाठीशी. तो स्टेजवर आला आणि प्रेक्षकांकडे न बघता भिंतीवर काहीतरी शोधू लागला. सापडलं. बोटाने दोनदा दाबलं. मग वळून म्हणाला, "मी काय म्हणतो..."

लोक खुर्च्यांतून पडायचे बाकी राहिले.

प्रल्हादराव मात्र अस्वस्थ झाले. चुकतंय, त्यांच्या मनात आलं. संग्राम असा चालत नाही. आणि चष्मा? संग्रामला चष्माच नाही. इतका मुरलेला नट, आणि स्वतःचंच सोंग धड वठत नाही? निदान चालण्यात तरी जरा... तेवढ्यात मागच्या रांगेतून एक लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "मम्मी, दॅट्स प्रल्हाद काका!"

आईने तिला गप्प केलं. पण त्या आईलाही हसू आवरत नव्हतं.

प्रल्हादरावांनी हळूच आपला डावा हात पाठीमागून काढून मांडीवर ठेवला. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. चष्म्यातून त्यांना संग्राम स्पष्ट दिसला. तो कुणाच्या तरी अदृश्य कढईत डाव फिरवत होता, आणि कढई कुणाची तेही आता प्रल्हादरावांना आठवलं. शुभाची. गणपतीतली. थर्मोस्टॅटही आठवला, कॅन्यनही. एकेक प्रसंग हजर झाला आणि प्रत्येकात ते स्वतः होते. त्यांचे कान तापले. शेजारी शैलाबाई हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हसता हसता त्यांनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला. असा त्यांनी कितीतरी वर्षांत ठेवला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर लोकांनी प्रल्हादरावांना गराडा घातला. स्वतःवर असं लिहायला काळीज लागतं, असं चाळीस तरी माणसं म्हणाली. भूतपूर्वराव ज्यांच्यावरून घेतले होते ते गृहस्थ म्हणाले, आमच्याकडून हे झालं नसतं. संग्रामने मिठी मारली. "जमला ना रे? त्या दिवशी घरी येऊन सगळं करून दाखवलंस म्हणून जमला. हे मोठेपण आहे, दोस्ता." प्रल्हादराव सगळ्यांना मान डोलावत होते. नको कशाला म्हणा? कुणाचं नुकसान होत नव्हतं. खोटं बोलायलाही लागत नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

पार्किंगमध्ये बापलेक दोघेच गाडीजवळ थांबले. शैलाबाई आत डबे गोळा करत होत्या.

"आय हॅड नो आयडिया यू न्यू, बाबा," देवांग म्हणाला. "मला वाटायचं तुला दिसतच नाही. म्हणून मी यायचो नाही. आता येईन."

प्रल्हादरावांना तिथेही मान डोलावता आली असती. तीच तर सगळ्यात सोपी गोष्ट होती. हा मुलगा दोन वर्षांनी आला होता, पुन्हा येतो म्हणत होता, आणि एवढ्यासाठी त्यांनी काहीही केलं असतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून त्यांना इतकी लाज वाटली, की मान हलेना.

"देवांग, मी ते संग्रामवर लिहिलं होतं."

देवांग खो खो हसला. मग बापाचा चेहरा बघून थांबला.

"वेट. सीरियसली?"

"मला माहीत नव्हतं. आत्ता आत बसलो होतो तेव्हा कळलं."

देवांगने गाडीकडे तोंड फिरवलं. झालं, हा आता संध्याकाळचंच विमान पकडणार, अशी प्रल्हादरावांची खात्री झाली.

"बाबा," तो वळून म्हणाला, "'मला माहीत नव्हतं' असं तू म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. इन माय होल लाइफ."

"खरंच?" प्रल्हादराव म्हणाले.

"खरंच."

प्रल्हादराव नुसते मुलाच्या शेजारी गाडीला टेकून उभे राहिले.