नारळ फुटल्यानंतर

लिहिण्याचा अधिकार मला आहे, असं मी मानत नाही. निवृत्त होईपर्यंत लातूरच्या एका शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्यांनी लिहिलेलं मुलांना समजावून सांगितलं. स्वतःचं असं पान कधी लिहिलं नाही. शिवाय अपमान सोसणाऱ्याने लिहावं, असा संकेत आहे. मी तर तो अपमान उभ्या उभ्या पाहिला. तेव्हा या धाडसाबद्दल क्षमा असावी. पुढचं वाचल्यावर ती तुम्हाला परत घ्यावीशी वाटली, तरी माझी तक्रार नाही.

नांदेडहून कंधारकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक क्रिकेटचं मैदान आहे. आमच्या भागात त्याचं मोठं नाव. माझी आई तिथे रोजानं गवत काढायची. आईचं नाव गिरजाबाई. मोठ्या सामन्याआधी आमच्या वस्तीतल्या सात बाया आठवडाभर खेळपट्टीवर उकिडव्या बसत. खुरप्यानं गवताचं एकेक मूळ काढत. चाळलेल्या काळ्या मातीनं खड्डे बुजवत. ओल्या पोत्यानं ती माती चोपून बसवत. मग सामन्याच्या सकाळी यष्ट्यांजवळ नारळ फुटायचा, आणि तिथून पुढे खेळपट्टी पवित्र. बायांनी दोरीबाहेर जायचं. पुन्हा आत पाऊल नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. सगळ्यांना पाठ होता.

मी सातवीत होते. पाहुण्यांच्या स्वागताला आमच्या शाळेचं लेझीम पथक मंडपासमोर उभं होतं. आईनं नीळ घालून धुतलेला गणवेश माझ्या अंगावर. नारळ फुटला. दोन्ही कर्णधार नाणेफेकीला निघाले. आणि दोरीपलीकडून एक बाई धावत आत आली.

ती माझी आई होती.

तिचं खुरपं खेळपट्टीच्या कडेला गवतात राहिलं होतं. पातं वर.

मैदानाचे तेव्हाचे सचिव मधोमध उभे होते. हातात ध्वनिक्षेपक. तो त्यांनी बंद केला नाही, म्हणून पुढचं सगळ्या मैदानानं ऐकलं.

"नारळ फुटलाय, दिसत नाही का?"

"सायब, खुरपं राहिलं व्हतं. पोराच्या पायात घुसंल कुनाच्या."

"आधी तुझा पाय बाहेर काढ."

मंडपात हसू फुटलं. सचिवांनी गोमूत्र मागवलं. आईची पावलं जिथे पडली होती, तिथे तिथे ते शिंपडलं गेलं. आठवडाभर तीच माती तिच्या तळहाताखाली होती. तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता. शिंपडून होईपर्यंत तिला तिथेच उभं केलं. पदराआड खुरपं धरून ती उभी राहिली. मग सचिव ध्वनिक्षेपकात म्हणाले, "ही कोणाची बाई आहे? घेऊन जा रे हिला."

माझ्या शेजारच्या मुलीनं मला कोपरानं ढोसलं. "ए, तुझी माय नव्हं का ती?"

मी म्हणाले, "न्हाई."

एवढंच. एक शब्द. आईचं तोंड आमच्याकडे होतं. तिनं मला पाहिलं, आणि लगेच नजर दुसरीकडे नेली. मला ओळखलं नाही, असं दाखवलं. माझं खोटं तिनं सांभाळून घेतलं. एकटीच चालत दोरीबाहेर गेली. मी लेझीम खेळले. एकही ठेका चुकला नाही.

संध्याकाळी चुलीपुढे ती म्हणाली, "लेझीम चांगली झाली बग तुमची."

मी ताट पुढे ओढलं. पुढे ती जाईपर्यंत आमच्यात तो विषय निघाला नाही. मी शिकले, नोकरी केली, वस्ती सोडली. कुणी विचारलंच तर 'आई शेतात जायची' एवढं सांगत आले. सचिवांनी एकदाच विचारलं होतं, ती कोणाची. मी आयुष्यभर उत्तर टाळलं.

यंदा मैदानाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे, त्याच दिवशी मोठा सामनाही. आताचे सचिव तरुण, नम्र. स्मरणिकेसाठी 'मैदानाचा इतिहास आणि सुविधा' असा लेख त्यांनी, मी इतिहासाची शिक्षिका म्हणून, माझ्याकडे मागितला. मला आनंद झाला, हेही कबूल करते. त्यांनी मैदान हिंडून दाखवलं. खेळाडूंच्या खोल्या, व्यायामशाळा, थंड पाण्याची यंत्रं, पावसाचं पाणी ओढून नेणारे जमिनीखालचे पाइप. मी वहीत टिपत होते. भिंतीवर देणगीदारांची नावं. जुना लोखंडी रोलर कोणी भेट दिला, त्याचीसुद्धा पाटी.

खेळपट्टीवर चार बाया गवत काढत होत्या.

सचिवांना फोन आला, ते बाजूला गेले. मी त्या बायांजवळ गेले. नारळ फुटल्यावर तुम्ही कुठे थांबता, असं विचारलं.

त्यांच्यातली थोरली म्हणाली, "दोरीच्या भायेर. आन कुठं? पयल्यापासून तसंच हाय की." मग माझ्या चष्म्याकडे, वहीकडे पाहून तिनं सहज विचारलं, "तुमी कोनाच्या, बाई?"

आमच्याकडे अनोळखी माणसाला हेच विचारतात. तिच्या मनात काही नव्हतं. मी मात्र वही मिटली.

"गिरजाबाईची," मी म्हणाले. "माझी आई इथंच गवत काढायची."

"मंग हुब्या का? बसा की." तिनं सरकून जागा दिली. मी बसले. हात मातीवर ठेवला.

लेखात मी आईचं नाव आणि मला आठवल्या तेवढ्या बायांची नावं घातली. तो दिवसही लिहिला. माझा 'न्हाई' गाळला नाही. सचिवांचा फोन आला. "मॅडम, लेख उत्तम आहे. तेवढा एक भाग वगळू या. 'महिला कामगारांचाही हातभार लागला' असं एक वाक्य घालू. स्मरणिका आनंदाची असते."

इतका सभ्य नकार. जुनी मी असते तर 'बरं' म्हणाले असते. मी सगळा लेख परत मागितला. त्यातल्या रोलरच्या पाटीच्या उल्लेखासकट. आई नसलेला या मैदानाचा इतिहास माझ्या नावानं छापला जाणार नाही.

उद्घाटनाच्या सकाळी मी त्या चार बायांच्या शेजारी खुरपं घेऊन बसणार आहे. त्यांना पोट आहे. त्यांनी उठायचं की नाही, ते त्यांचं त्या ठरवतील. नारळ फुटल्यावर मी उठणार नाही. गोमूत्र शिंपडायचं तर माझ्या अंगावर शिंपडावं लागेल. ध्वनिक्षेपकावरून पुन्हा विचारतील, ही कोणाची बाई आहे.

त्या वेळी मंडपात बसलेले तुम्ही काय उत्तर द्याल?