थांबली नाही ती अकॉर्डियनवाली

शनिवार, सात जून, सकाळचे नऊ. पापाकुरा गावातील सभागृहात आयरिश नृत्याची स्पर्धा सुरू झाली. माझी नात आणि दुसरी एक मुलगी एकाच वेळी मंचावर नाचत होत्या. कडेला साठीची एक बाई अकॉर्डियन वाजवीत होती. तिची नजर मुलींच्या चेहऱ्यांवर नव्हे, पायांवर होती. नात घसरून पडली. बाईचा हात थांबला नाही. नात उठली, पण लय सापडेना. ती रडत खाली उतरली.

मध्यंतरात मी बाईला खडसावले, "पोर पडली. तुम्हाला थांबता आले नाही?"

"दुसरी नाचत होती ना," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी एक पडली म्हणून मी थांबले आणि न पडलेली मुलगी हरली. तिच्या आईने मला पार्किंगमध्ये गाठून नको नको ते ऐकवले. वाजवायला मी आधीच शिकले होते. स्पर्धेची वादक त्या दिवशी झाले."

"आणि माझी नात?"

"ती उठेल तेव्हा लय चालू असायला हवी. पुढच्या वेळी पकडेल."

म्हणणे बिनतोड होते, म्हणून राग अधिकच चढला. गाडीत नात म्हणाली, "आजोबा, शी वॉज राइट."

घरी येऊन मी तिच्या नाचाच्या बुटांचे गुळगुळीत तळ सँडपेपरने घासून खरखरीत केले.